दुखापतीनंतर परतलेल्या बास्केटबॉल स्टारचा फॉर्म: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखादा मोठा खेळाडू नऊ-दहा महिन्यांनी कोर्टवर उतरतो आणि पहिल्या आठवड्यातच प्रश्नांचा पाऊस सुरू होतो. हा पूर्वीचाच आहे का? एवढीच मिनिटं का? शॉट का चुकतायत? पुन्हा पुन्हा येणारे हे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं मुख्यतः एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधली आहेत, एक डब्ल्यूएनबीए या महिलांच्या लीगमधलं. एका उत्तराचा संबंध दुसऱ्याशी असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली, म्हणजे खेळाडू पूर्ण बरा झाला असंच ना?

नाही. परवानगीचा अर्थ एवढाच की दुखावलेला भाग आता सामन्याचा ताण सोसू शकतो आणि पुन्हा इजा होण्याचा धोका पत्करण्याइतका कमी झाला आहे. एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आतला, मांडीचं आणि नडगीचं हाड जोडून ठेवणारा एक लिगामेंट. त्याच्या शस्त्रक्रियेनंतर दुखावलेल्या पायाची ताकद साधारण दुसऱ्या पायाच्या ९० टक्क्यांपर्यंत आली आणि एका पायावरच्या उड्यांच्या चाचण्या नीट पार पडल्या, की खेळण्याचा विचार सुरू होतो. यात एक मेख आहे. इतके महिने धड पायालाही पूर्ण व्यायाम मिळालेला नसतो. त्यामुळे ज्याच्याशी तुलना करायची तो पायच आधीपेक्षा कमजोर असू शकतो.

शिवाय सरावात सगळं ठरवून होतं. सामन्यात प्रतिस्पर्धी अचानक आडवा येतो, चेंडू उसळून भलतीकडे जातो, उडी मारून खाली येताना पायाखाली कुणाचा तरी पाय असतो. अशा ठिकाणी शरीर आपोआप काय करतं हे कोणत्याच चाचणीत पुरतं कळत नाही. परवानगी हा फॉर्मचा पहिला दिवस असतो. लोक तिथूनच शेवटाच्या अपेक्षा करू लागतात, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

२. फॉर्म कशावरून ओळखायचा? पॉइंट्स पुरेसे नाहीत का?

पॉइंट्स सगळ्यात शेवटी पाहा. सरस खेळाडू अर्ध्या ताकदीनेही पॉइंट्स काढतो, कारण त्याच्या हाती चेंडू जास्त वेळ असतो आणि शॉटही तोच जास्त घेतो. म्हणून पॉइंट्स किती प्रयत्नांत आले ते आधी बघायचं. समजा, एकाने २० शॉट आणि ४ फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारे मोकळे शॉट) घेऊन २० पॉइंट्स केले. दुसऱ्याने १२ शॉट आणि ६ फ्री थ्रो घेऊन तेवढेच केले. शॉट आणि फ्री थ्रो दोन्ही धरणाऱ्या ‘ट्रू शूटिंग’ या हिशोबात पहिल्याची टक्केवारी ४६ येते, दुसऱ्याची ६८. धावफलकावर दोघेही सारखेच दिसतात.

पण त्याहीआधी पाय बघायचे. तो बास्केटपर्यंत घुसतोय की अलीकडेच थांबून उडीचा शॉट घेतोय? धक्का सोसून फाउल मिळवतोय का? दर सामन्यातल्या फ्री थ्रोंचे प्रयत्न निम्म्यावर आले असतील, तर टक्केवारी कितीही छान दिसो, तो अंग चोरतोय. दुखावलेल्या पायावरून उडी घेतो का? दोन्ही बाजूंना तितक्याच सहजपणे वळतो का? आपला शॉट चुकल्यावर बचावासाठी धावत मागे येतो की चालत? माझ्या अनुभवात या क्रमाने पाहणाऱ्याला खेळाडू परतल्याची चाहूल पॉइंट्सच्या कितीतरी आधी लागते.

मिनिटं कमी असताना ‘३६ मिनिटांमागे किती’ हा हिशोब लोक आवडीने करतात. २२ मिनिटांत १४ पॉइंट्स म्हणजे ३६ मिनिटांना जवळपास २३. हा आकडा दिलासा देतो, पण जपून वापरा. उरलेली १४ मिनिटं दमलेल्या पायांवर खेळायची असतात आणि खरी परीक्षा तीच असते.

३. परतल्यानंतर किती सामने थांबून मत बनवावं?

नेमबाजीबद्दल निदान २० ते २५ सामने. कारण साधं गणिताचं आहे. थ्री-पॉइंटरची, म्हणजे लांबून टाकायच्या तीन पॉइंट्सच्या शॉटची, खरी कुवत ३८ टक्के असलेला, पूर्णपणे तंदुरुस्त खेळाडू घ्या. तो सामन्याला ५ प्रयत्न करतो, म्हणजे १० सामन्यांत ५०. निव्वळ नशिबाच्या चढउतारामुळे त्या ५० प्रयत्नांतली त्याची टक्केवारी तीनपैकी दोन वेळा ३१ ते ४५ च्या दरम्यान कुठेही पडू शकते, आणि तिसऱ्या वेळी त्याहूनही लांब. म्हणजे १० सामन्यांत ३२ टक्के दिसले तर ती दुखापत आहे की योगायोग, हे कुणालाच सांगता येणार नाही.

पायांच्या खुणांबद्दल (प्रश्न २) मात्र इतकं थांबावं लागत नाही. घुसण्याचं धाडस, उतरताना पाय टेकण्याची पद्धत, बचावातली हालचाल या गोष्टी आठ-दहा सामन्यांत डोळ्यांना दिसतात, आणि त्या सुधारतायत का हे महत्त्वाचं. एसीएल किंवा अकिलीस टेंडन (टाचेमागची जाड दोरी) यांसारख्या मोठ्या दुखापतीचा निकाल मात्र पहिल्या हंगामात लावूच नये. ते का, हे प्रश्न ७ आणि ८ मध्ये आहे.

४. सामना रंगात असताना त्याला बाहेर का बसवतात? मिनिटांची मर्यादा कोण ठरवतं?

वैद्यकीय पथक आणि प्रशिक्षक मिळून ठरवतात, आणि बहुतेक वेळा सामन्याआधीच. हेतू असा की आठवड्याचा एकूण भार हळूहळू वाढावा. थकलेले स्नायू सांध्यांना आधार देत नाहीत, आणि महिनोन्महिने सामना न खेळलेल्या शरीराला भार एकदम वाढलेला सोसत नाही.

यावरून वाद होणं फार जुनं आहे. १९८५-८६ च्या हंगामात, तिसऱ्याच सामन्यात मायकल जॉर्डनच्या पायाचं हाड मोडलं आणि तो ६४ सामन्यांना मुकला. परतल्यावर शिकागो बुल्सने त्याची मिनिटं मोजून दिली आणि तो त्यावर चिडलेला असे. प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत, बंधन सुटलं. २० एप्रिल १९८६ ला बोस्टनमध्ये त्याने ६३ पॉइंट्स केले आणि पुढच्या हंगामात सगळे ८२ सामने खेळून सामन्यामागे सरासरी ३७.१ पॉइंट्सची ठेवली. ‘बघा, उगाच अडवत होते’ असं म्हणायला हे उदाहरण सोयीचं वाटतं. पण त्याला जपलं म्हणूनच तो पुढचे ८२ सामने उभा राहिला, असंही म्हणता येतं. एकाच कारकिर्दीवरून यातलं काहीच सिद्ध होत नाही.

जोएल एम्बिडचं उदाहरण मला अधिक बोलकं वाटतं. पायाच्या दुखापतीमुळे पहिले दोन्ही हंगाम गेल्यावर २०१६-१७ मध्ये तो सामन्याला सरासरी २५ मिनिटांच्या आसपासच खेळला, तरी २०.२ पॉइंट्स करत होता. त्या हंगामात त्याला ३१ सामनेच मिळाले, पण कारकीर्द उभी राहिली आणि २०२३ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

५. लागोपाठच्या दोन रात्रींपैकी एकच सामना का खेळतो?

कारण प्रश्न ४ मधलंच. फरक इतकाच की दोन सामन्यांच्या मध्ये सांध्याची सूज उतरायला वेळच मिळत नाही. सामन्यानंतर गुडघा किती सुजतो यावर फिजिओ पुढचं ठरवतात. दुसऱ्या रात्रीही तो खेळू लागला आणि नीट खेळला, तर ती फॉर्मची पक्की खूण समजा.

६. कोणत्या दुखापतीला किती काळ लागतो?

ढोबळ अंदाज देतो. प्रत्येक शरीर आणि प्रत्येक इजा वेगळी असते हे धरूनच वाचा.

घोटा साधा मुरगळला तर एक-दोन आठवडे. हीच बास्केटबॉलमधली सर्वांत नेहमीची दुखापत. इजा घोट्याच्या वर, नडगीची दोन हाडं जोडणाऱ्या लिगामेंटला असेल तर महिना-दीड महिना, कधी त्याहून जास्त. मांडीच्या मागचा स्नायू म्हणजे हॅमस्ट्रिंग दोन-तीन आठवड्यांत बरा वाटतो, पण ‘वाटतो’ या शब्दावर जोर द्या. घाई केली तर तो पुन्हा दगा देतो.

मेनिस्कस म्हणजे गुडघ्यातली गादी. ती फाटली तर सगळा फरक शस्त्रक्रियेचा. फाटलेला तुकडा कापून टाकला तर खेळाडू साधारण दीड-दोन महिन्यांत परततो. टाके घालून गादी जपली तर चार ते सहा महिने लागतात, पण गुडघा पुढे जास्त वर्षं साथ देतो. चाहते पहिल्या पर्यायावर खूश होतात. मला दुसरा निवडणाऱ्या खेळाडूचं जास्त कौतुक वाटतं.

एसीएल आणि अकिलीस या दोन्हींना साधारण ९ ते १२ महिने, पुष्कळदा जास्तच. एसीएलबाबत संशोधनातून एक गोष्ट वारंवार दिसली आहे: नऊ महिन्यांच्या आत खेळायला उतरणाऱ्यांत गुडघा पुन्हा दुखावण्याचं प्रमाण जास्त असतं. पायाच्या कमानीतल्या नॅव्हिक्युलर हाडाचं फ्रॅक्चर वरकरणी किरकोळ वाटतं, पण तिथे रक्तपुरवठा कमी असल्याने ते भरून यायला फार वेळ घेतं. जॉर्डनचं तेच हाड होतं आणि एम्बिडचंही.

७. अकिलीस तुटला की कारकीर्द संपली, हे खरं आहे का?

एकेकाळी बहुतेकांच्या बाबतीत ते खरं होतं. आता तसं सरसकट म्हणता येत नाही.

आधी हा टेंडन काय करतो ते पाहू. पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी ही जाड दोरी. पहिलं पाऊल झपकन टाकणं, एका पायावर उडी, थांबून पुन्हा उसळणं, या सगळ्याची ताकद तिच्यातून जाते. तुटून पुन्हा जुळताना टेंडन थोडा लांबतो, आणि मग पोटरी पूर्वीइतक्या जोराने टाच उचलू शकत नाही. ही उणीव कित्येकांत वर्षानुवर्षं राहते. म्हणजे ज्याचा खेळ पहिल्या पावलाच्या वेगावर उभा आहे, त्याचं जास्त नुकसान होतं.

कोबी ब्रायंटचा अकिलीस १२ एप्रिल २०१३ ला तुटला. त्याच अवस्थेत दोन फ्री थ्रो टाकून तो कोर्टबाहेर गेला. तेव्हा तो ३४ वर्षांचा होता. आठ महिनेही पूर्ण झाले नव्हते, तेवढ्यात तो परतला, सहा सामने खेळला आणि त्याच पायाच्या गुडघ्याजवळ हाड मोडलं. डिमार्कस कझिन्स जानेवारी २०१८ मध्ये जखमी झाला तेव्हा त्याची सरासरी २५.२ होती. वर्षभराने परतल्यावर ती १६.३ झाली, मग मांडीचा स्नायू फाटला, मग एसीएल. वय अवघं २७ होतं, तरी तो पुन्हा तसा दिसला नाही.

दुसरीकडे डॉमिनिक विल्किन्स. जानेवारी १९९२ मध्ये, ३२ व्या वर्षी अकिलीस तुटला, आणि पुढच्याच हंगामात त्याने सरासरी २९.९ पॉइंट्स केले. उसळीच्या जोरावर खेळणारा माणूस आणि तो काळ, दोन्ही लक्षात घेता हा चमत्कारच म्हणायला हवा. ब्रेआना स्टुअर्टचा एप्रिल २०१९ मध्ये तुटला. २०२० मध्ये ती सिअ‍ॅटल स्टॉर्मला विजेतेपद मिळवून देऊन अंतिम मालिकेची सर्वोत्तम खेळाडू ठरली.

आणि केव्हिन ड्युरंट. १० जून २०१९ ला अंतिम मालिकेच्या पाचव्या सामन्यात त्याचा अकिलीस तुटला. त्याने पूर्ण २०१९-२० हंगाम सोडला आणि २२ डिसेंबर २०२० ला, म्हणजे १८ महिन्यांनी ब्रुकलिन संघाकडून उतरला. त्या हंगामात तो ३५ च सामने खेळला, पण सरासरी २६.९ होती, नेमबाजी कारकिर्दीतल्या उत्तम हंगामांच्या तोडीची. प्लेऑफमध्ये मिलवॉकीविरुद्धच्या पाचव्या सामन्यात एक मिनिटही न बसता त्याने ४९ पॉइंट्स केले, चुकलेल्या शॉटनंतरचा चेंडू १७ वेळा पकडला (रिबाउंड) आणि १० वेळा पास देऊन सहकाऱ्याला बास्केट करून दिली (असिस्ट). इथे दोन गोष्टी जुळल्या होत्या. त्याने घाई केली नाही. आणि त्याचा शॉट उंचीच्या जोरावर कुणाच्याही डोक्यावरून जातो, त्याला मोकळी जागा करण्यासाठी स्फोटक पहिलं पाऊल लागतंच असं नाही.

म्हणून कुणाचा अकिलीस तुटल्याचं कळलं की मी दोनच गोष्टी बघतो: त्याचा खेळ कशावर उभा आहे, आणि संघ त्याला किती वेळ देतोय.

८. एसीएलनंतर पहिलं वर्ष फिकं आणि दुसरं चांगलं, असं का?

जुन्या लिगामेंटच्या जागी दुसरा टेंडनचा तुकडा बसवलेला असतो, बहुधा गुडघ्याच्या वाटीखालचा किंवा मांडीच्या मागचा. त्या तुकड्याचा लिगामेंट बनायला एक ते दोन वर्षं लागतात. मांडीची ताकदही मंदगतीने परत येते. त्यामुळे परतलेला खेळाडू पहिल्या हंगामात एकीकडे खेळत असतो आणि दुसरीकडे अजून बरा होत असतो.

क्ले थॉम्पसनची गोष्ट यासाठी पाहावी. जून २०१९ मध्ये डावा एसीएल, मग परतण्याआधीच नोव्हेंबर २०२० मध्ये उजवा अकिलीस. दोन पाय, दोन सर्वांत वाईट दुखापती. ९ जानेवारी २०२२ ला, ९४१ दिवसांनी तो उतरला. उरलेल्या ३२ सामन्यांत सरासरी २०.४ आली, पण थ्री-पॉइंटरची टक्केवारी कारकिर्दीत प्रथमच ४० च्या खाली, ३८.५ वर गेली. ‘संपला’ असं तेव्हा किती जणांनी लिहिलं! त्याच वर्षी त्याच्या संघाने विजेतेपद मिळवलं आणि पुढच्या हंगामात त्याने ४१.२ टक्क्यांनी ३०१ थ्री-पॉइंटर यशस्वी केले, लीगमध्ये सर्वांत जास्त.

जमाल मरेचंही तसंच. एप्रिल २०२१ मध्ये एसीएल गेला. त्याने पुढचा अख्खा हंगाम आणि प्लेऑफ सोडले, तेही संघाला त्याची गरज असताना. २०२२-२३ च्या नियमित हंगामात सरासरी २०.० होती. प्लेऑफ येईपर्यंत पाय मोकळे झाले आणि ती २६.१ वर गेली. त्याच्या संघाने, डेन्व्हरने, पहिलं विजेतेपद जिंकलं. नोव्हेंबरमधला मरे आणि जूनमधला मरे शेजारी ठेवून पाहिले तर एकाच हंगामात फॉर्म कसा परततो ते स्वच्छ दिसतं.

९. हाताला काही झालेलं नाही, मग शॉट का चुकतात?

शॉटचा जोर पायांतून येतो. गुडघे वाकतात, अंग वर उठतं आणि तीच ताकद हातातून चेंडूला मिळते. हात फक्त दिशा देतो. पाय कमी पडले की चेंडू बास्केटच्या पुढच्या कडेला आपटतो. परतलेल्या खेळाडूचे चुकलेले शॉट बघा: डावी-उजवीकडे जातायत की अलीकडे पडतायत? अलीकडे, आणि तेही चौथ्या क्वार्टरमध्ये जास्त, असं असेल तर ती दमछाक आहे. दम वाढला की शॉटही सुधारतो. डावी-उजवीकडे जात असतील तर समतोल बिघडलाय, बहुधा एका पायावर कमी भार टाकतोय. ते जास्त काळजीचं.

हाताला, मनगटाला किंवा खांद्यालाच इजा झाली असेल तर हे लागू नाही. तिथे पाय ताजे असतात आणि नेमच हरवलेला असतो. तो अनेकदा लवकर परत येतो, कारण हजारो शॉट टाकायला धावावं लागत नाही.

१०. आक्रमणात ठीक दिसतो, पण बचावात मागे पडतो. आळस आहे का?

बहुतेक वेळा नाही. आक्रमणात कुठे वळायचं ते तो स्वतः ठरवतो, बचावात समोरचा ठरवतो. अचानक थांबणं आणि आडवं सरकणं हे वेग घेण्यापेक्षा कठीण, कारण सगळा भार एका वाकलेल्या गुडघ्यावर येतो. एसीएल बहुतेकदा अशा थांबण्या-वळण्याच्या क्षणीच तुटतो, कुणाचा धक्काही न लागता. म्हणून शरीर ती हालचाल सगळ्यात शेवटी मोकळी करतं.

११. पहिल्या सामन्यात धमाल केली आणि मग गायब. पहिला सामना खोटा होता का?

खोटा नव्हता. इतक्या महिन्यांचा साठलेला उत्साह, ताजे पाय, गर्जणारं प्रेक्षागृह. थॉम्पसनने आपल्या पहिल्याच सामन्यात बचावपटूंच्या गर्दीत घुसून डंक मारला (उडी मारून चेंडू थेट बास्केटमध्ये कोंबला) आणि २० मिनिटांत १७ पॉइंट्स केले. मग प्रवास सुरू होतो, साचलेला थकवा वर येतो, आणि प्रतिस्पर्धी चित्रफिती बघून ओळखतात की हा कोणत्या बाजूला जायचं टाळतोय. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातली ही घसरण इतकी सर्रास दिसते की ती आली नाही तरच मला नवल वाटतं.

१२. तो घाबरतोय का? एवढा मोठा खेळाडू घाबरतो?

घाबरतो, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, इथे तर अख्ख्या आयुष्याची कमाई एका गुडघ्यावर असते. मनाची तयारी किती झाली आहे ते तपासायला एसीएलच्या रुग्णांसाठी खास प्रश्नावलीही वापरतात, आणि कमी गुण मिळवणारे खेळाडू जुन्या पातळीला कमी प्रमाणात पोहोचतात असं दिसलं आहे. म्हणजे भीती हाही दुखापतीचाच भाग आहे आणि तिच्यावरही काम करावं लागतं.

भीती ओळखायची कशी? लेअपची (बास्केटजवळ जाऊन अलगद चेंडू टाकण्याची) संधी असताना पास देणं, उडी मारण्याऐवजी जमिनीवरून चेंडू टाकणं, एकाच पायावर उतरणं. ‘हिंमत हरला’ म्हणून जे लोक ओरडतात त्यांनी एकदा पुनर्वसनाचा दिनक्रम पाहावा. महिनोन्महिने रोज एकटं, टाळ्यांशिवाय, आधी नुसता गुडघा सरळ करायला शिकायचं.

१३. एक दुखापत बरी झाली की दुसरीच कुठलीतरी का होते?

दोन कारणं. एक, कमजोर भागाला वाचवताना ताण दुसरीकडे सरकतो: दुसऱ्या पायावर, कमरेवर, मांडीवर. दुसरं, बाकीच्या शरीरालाही सामन्याची सवय राहिलेली नसते. २०११ चा एमव्हीपी (लीगचा सर्वोत्तम खेळाडू) डेरिक रोझ डाव्या एसीएलसाठी पूर्ण हंगाम थांबला, घाई अजिबात केली नाही. परतल्यावर दहाव्याच सामन्यात, २२ नोव्हेंबर २०१३ ला उजव्या गुडघ्याचा मेनिस्कस फाटला. अशा वेळी दोष कुणाला द्यायचा? माझ्या मते कुणालाच नाही.

पोटरी ओढली गेली असेल तर मात्र विशेष जपायला हवं. २०१९ मध्ये ड्युरंट पोटरीच्या दुखापतीतून महिन्याभराने परतला आणि त्याच सामन्यात त्याच पायाचा अकिलीस तुटला. २०२५ च्या अंतिम मालिकेत टायरीस हॅलिबर्टन पोटरी दुखावलेली असताना खेळत राहिला आणि सातव्या सामन्यात त्याचा अकिलीस गेला. एकातून दुसरं झालंच असं दोन प्रसंगांवरून म्हणता येत नाही, पण पोटरीचं दुखणं आता कुणी हलक्यात घेत नाही, आणि ते योग्यच आहे.

१४. तो नसताना संघ जिंकत होता, आता हरतोय. त्याचा दोष?

आधी वेळापत्रक बघा. समोरचे संघ कोणते होते, किती सामने परक्या कोर्टवर होते. त्यानंतर हे की तो नसताना चेंडू तीन-चार जणांत वाटला गेला होता. त्यांना लय सापडली होती, आता ते पुन्हा कोपऱ्यात उभे राहून पासची वाट पाहतात. नवी घडी बसायला काही आठवडे लागतात. ‘तो कोर्टवर असताना संघ उणे ९’ असे प्लस-मायनसचे (तो खेळत असताना संघ किती पॉइंट्सनी पुढे वा मागे राहिला याचे) आकडे दहा सामन्यांवरून काढलेले असतील तर सोडून द्या. सोबतचे चौघे आणि समोरचे पाच जण त्या आकड्यात मिसळलेले असतात.

१५. वेग गेला तर खेळ बदलून टिकता येतं का?

येतं, आणि मला या विषयातला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो.

शॉन लिव्हिंगस्टनचा गुडघा फेब्रुवारी २००७ मध्ये इतका भयानक निखळला की पाय कापावा लागेल का अशी चर्चा होती. चालण्यापासून पुन्हा शिकून तो परतला, बरीच वर्षं संघ बदलत फिरला. उसळी गेली होती. मग त्याने उंच गार्डचा शांत खेळ घडवला: पाठ टेकवून छोट्या बचावपटूला मागे रेटायचं आणि दहा-बारा फुटांवरून डोक्यावरून शॉट टाकायचा. गोल्डन स्टेट संघाबरोबर तीन विजेतेपदं त्याच्या नावावर आहेत.

बर्नार्ड किंग १९८४-८५ मध्ये ३२.९ सरासरीने लीगमध्ये अव्वल होता तेव्हाच, मार्च १९८५ मध्ये त्याचा एसीएल गेला. त्या काळात हा शेवटच मानत. १९९०-९१ मध्ये, ३४ व्या वर्षी त्याने २८.४ ची सरासरी ठेवून ऑल-स्टार संघात जागा मिळवली. ग्रँट हिल घोट्यामुळे चार हंगामांत मिळून ४७ सामने खेळला आणि तरीही चाळिशीपर्यंत एनबीएत टिकला. आणि रोझ? ३१ ऑक्टोबर २०१८ ला मिनेसोटाकडून त्याने ५० पॉइंट्स केले. सामना संपल्यावर तो रडला. २०११ चा रोझ कधीच परतला नाही, पण त्या रात्रीचा खेळाडू कमी होता असं मी म्हणणार नाही.

१६. वयाचा किती फरक पडतो?

खूप, पण एकट्या वयाचा नाही. अमरे स्टुडमायर २२ व्या वर्षी गुडघ्याच्या मायक्रोफ्रॅक्चर शस्त्रक्रियेतून (हाडाला बारीक छिद्रं पाडून झिजलेली कूर्चा भरून आणण्याचा उपाय) गेला. २००६-०७ मध्ये तो सगळे ८२ सामने खेळला आणि सरासरी आधीच्या २६ वरून २०.४ झाली तरी ऑल-एनबीएच्या पहिल्या संघात, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम पाच जणांत, निवडला गेला. पॉल जॉर्जचा पाय ऑगस्ट २०१४ मध्ये मोडला तेव्हा तो २४ चा होता. २०१५-१६ मध्ये सरासरी २३.१ झाली, तोवरची त्याची सर्वोत्तम. हाड भरतं तेव्हा पूर्वीइतकं मजबूत होऊ शकतं, टेंडन आणि गादीचं तसं नसतं. विल्किन्स आणि कझिन्स यांची वयं (प्रश्न ७) पाहिली की वयाचा नियम किती सैल आहे ते कळतं.

१७. ६५ सामन्यांच्या नियमामुळे खेळाडू लवकर परततात का?

२०२३-२४ पासून एमव्हीपी, ऑल-एनबीए, सर्वोत्तम बचावपटू अशा मानांसाठी साधारण ६५ सामने खेळावे लागतात, आणि सामना मोजला जायला बहुतेक वेळा किमान २० मिनिटं. ऑल-एनबीएतल्या निवडीवर पुढच्या कराराची रक्कम अवलंबून असू शकते, म्हणून दडपण नक्कीच येतं. त्याच हंगामात एम्बिड ३४.७ च्या सरासरीने खेळत होता, पण गुडघ्यामुळे ३९ च सामने झाले आणि तो शर्यतीतून गेला. नियमाचा हेतू चांगला आहे, कारण तिकीट काढून आलेल्याला स्टार दिसायला हवा. पण खऱ्या दुखापतीतून उठणाऱ्याला तो नियम घाई करायला लावत असेल तर त्यात बदल व्हायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

१८. दुखापतींच्या यादीत ‘क्वेश्चनेबल’ असतो आणि तरी ४० मिनिटं खेळतो. हे कसं?

ती यादी खेळण्याची शक्यता सांगते, तंदुरुस्ती नाही. ‘प्रॉबेबल’ म्हणजे बहुतेक खेळेल, ‘क्वेश्चनेबल’ म्हणजे निम्मी शक्यता, ‘डाउटफुल’ म्हणजे बहुतेक नाही, ‘आउट’ म्हणजे नाहीच. उतरला की तो किती वेळ खेळेल हे यादीत नसतं.

१९. काही जण आठवड्याभरात परतून भन्नाट खेळले. मग एवढी वाट पाहायचीच कशाला?

यानिस अंटेटोकुंपोचं नाव इथे हमखास येतं. २९ जून २०२१ ला त्याचा गुडघा उलट्या बाजूला इतका वाकला की पाहणाऱ्यांनी डोळे मिटले. ६ जुलैला तो अंतिम मालिकेत उतरला आणि २० जुलैला ५० पॉइंट्स करून विजेतेपद घेऊन गेला. पण तपासणीत त्याचे लिगामेंट शाबूत निघाले होते. दिसायला भयंकर आणि असायला हलकी, अशी ती इजा होती. त्यावरून एसीएल तुटलेल्याला घाई करायला सांगणं चूक आहे.

विलिस रीडची १९७० ची गोष्ट आणखी वेगळी. मांडीचा स्नायू फाटलेला असताना तो सातव्या सामन्याला लंगडत आला, पहिले दोन शॉट बास्केटमध्ये गेले, आणि पुढे एकही नाही. एकूण ४ पॉइंट्स. सामना वॉल्ट फ्रेझरने ३६ पॉइंट्स आणि १९ असिस्टने जिंकून दिला. रीडच्या येण्याने संघात जे चैतन्य आलं ते खरंच होतं, पण त्याला फॉर्म म्हणता येणार नाही.

२०. प्लेऑफ तोंडावर आहेत आणि तो आत्ताच परतलाय. सुरुवातीच्या पाचात घ्यावं का?

नियमित हंगामाचे निदान दहा-बारा सामने मिळाले असतील तर हो. त्याहून कमी असतील तर बेंचवरून, ठरावीक मिनिटांसाठी. इंडियानाने एप्रिल २०१५ मध्ये पॉल जॉर्जला असंच सहा सामने खेळवलं. सरासरी ८.८ इतकीच आली आणि संघ प्लेऑफलाही पोहोचला नाही, पण पुढच्या हंगामात तो ८१ सामने खेळला. अपवाद नेमबाजाचा. ज्याला फक्त मोकळ्या जागी उभं राहून शॉट टाकायचाय, त्याला थोड्या सामन्यांवरही उतरवता येतं. पण मग बचावात त्याला समोरच्या संघाच्या सर्वांत कमी धावणाऱ्या खेळाडूवर ठेवावं लागतं, आणि प्लेऑफमध्ये प्रतिस्पर्धी ती जागा दोन-तीन चालींतच हेरतात.